गॅसविरुद्ध अर्ज आणि बिनमुंडक्याची रोहू

नागपूरच्या त्या ट्रेनिंगला मी गेलो तो जेवणासाठी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी मला पर्यावरणप्रेमी वगैरे समजणार नाही. पत्रावर ‘विनामूल्य, दुपारच्या भोजनासह’ असं स्वच्छ छापलेलं होतं. भादव्याचे दिवस होते. पावसाळ्यात फ्रीज मिस्त्रीला कोणी विचारत नाही. हवा गार झाली की लोकांना आपला फ्रीज बिघडलाय हेच कळत नाही.

हॉलमध्ये आम्ही तीसेक मिस्त्री होतो. भंडाऱ्याचे, गोंदियाचे, काही चंद्रपूरकडचे. भिंतीवरचा एसी नुसती हवा फिरवत होता, गार काही करत नव्हता. त्याच्यात गॅस कमी आहे हे आवाजावरून तिसांच्या तिसांना कळलं होतं, पण कोणी उठलं नाही. उठला तो कामाला लागला असता आणि जेवणाची रांग चुकली असती. समोर चष्मेवाले साहेब घाम पुसत आम्हाला सांगत होते की पृथ्वी तापत चालली आहे. त्याचा पुरावा त्यांच्या शर्टावर दिसतच होता.

साहेबांनी विचारलं, “जुना गॅस तुम्ही कुठे सोडता?”

सगळे छताकडे पाहायला लागले. शेवटी गोंदियाचा एक जण उभा राहिला आणि अदबीनं म्हणाला, “खिडकीबाहेर, सर. घरात नाही सोडत.”

आम्ही हसलो, साहेब हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर एक आकडा लिहिला. एक किलो फ्रीजचा गॅस हवेत गेला तर धुराच्या किती पट उष्णता धरून ठेवतो, त्याचा. आकडा मी आता विसरलो, पण वाचल्यावर मी सुद्धा मान खाली घातली होती, आणि मी सहसा घालत नाही. तीस वर्षं मी हा गॅस सोडत आलो होतो. सूं असा आवाज होतो, हाताला गार लागतं, उन्हाळ्यात बरं वाटतं. यापलीकडे त्याचा विचार मी कधी केला नव्हता.

जाता जाता साहेब म्हणाले की या गॅसवर बंधनं घालायची म्हणून दिल्लीचं नियामक कार्यालय नवे नियम करत आहे आणि जनतेकडून सूचना मागवल्या आहेत. “कारागीर कधीच लिहीत नाहीत,” असंही म्हणाले. जेवणात भजी होती, श्रीखंडही होतं, म्हणून मी तेव्हा काही बोललो नाही.

दोन दिवसांनी एकोडीला एका घरी फ्रीज पाहायला गेलो. वाटेत एक बोडी लागते, म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव. कोळ्यांनी जाळं टाकलं होतं आणि जाळ्याच्या दोरीला फुगे म्हणून आकाशी रंगाच्या टाक्या बांधल्या होत्या. मी गाडी थांबवली. त्या माझ्या टाक्या होत्या. एकशे चौतीस नंबरच्या गॅसची टाकी रिकामी झाली की फेकायची असते, पण भंडारा जिल्ह्यात कोणती वस्तू कोण फेकतो? माझ्या टाक्या चहाच्या टपरीवर बसायला आहेत, एका शाळेत घंटा म्हणून टांगल्या आहेत. माझ्याच हाताची लाल रंगाची खूण पाण्यावर डोलत होती. मी उभा राहून मोजायला लागलो आणि अकराव्या टाकीशी थांबलो, कारण एक गोष्ट डोक्यात शिरली होती. टाक्या इथे तरंगत आहेत, मग आतला गॅस कुठे आहे?

टाकीतला गॅस मी यंत्रात भरला, यंत्रातून तो गळून वर गेला, म्हणून मी पुन्हा भरला. यालाच मी तीस वर्षं धंदा म्हणत होतो.

घरी आल्यावर बायकोला म्हटलं, दिल्लीला अर्ज करतो. ती भाजी निवडत होती. “तीस वर्षं हवा खराब केली,” ती म्हणाली, “अन् आता दिल्लीले सांगून राहिले का दुसऱ्यांनी करू नोका म्हणून.” तिचं बोलणं नेहमी असंच असतं, आणि नेहमी बरोबर असतं, म्हणून मी फारसं लक्ष देत नाही.

भंडाऱ्यात कचेरीबाहेर एक अर्ज लिहून देणारे काका बसतात. टाइपरायटर गेला, लॅपटॉप आला, वाक्यं तीच राहिली.

“कोणाविरुद्ध अर्ज हाये?” काकांनी विचारलं.

“गॅसविरुद्ध.”

“गॅसवर अर्ज नाही होत भाऊ, माणसावर होते. अन्याय कोणी केला?”

“मीच केला.”

काकांनी चष्मा काढून ठेवला. “मंग इथं कायले आले? ठाण्यात जा लागते.”

बरंच समजावल्यावर त्यांनी लिहायला घेतलं. ‘अर्जदार हा गरीब व होतकरू फ्रीज मिस्त्री असून’ अशी सुरुवात झाली. मी म्हटलं, गरीब काढा, होतकरूही काढा, बावन्न वर्षांच्या माणसाला होतकरू कोण म्हणतं? काका म्हणाले, गरीब काढलं तं अर्ज वाचणार कोण? दोन्ही राहिले. मग मागण्या आल्या. एक, हा गॅस नव्या यंत्रांत घालणं थांबवावं आणि त्याच्या जागी जो कमी त्रासाचा गॅस आहे तो आमच्यासारख्यांना परवडेल असा द्यावा. दोन, जुना गॅस हवेत न सोडता परत टाकीत ओढून घेण्याचं यंत्र दर तालुक्याला ठेवावं. तीन, जिथे गळती आहे तिथे गळती बंद केल्याशिवाय नवा गॅस भरायला सक्त मनाई करावी.

तिसरी मागणी काकांनी खणखणीत आवाजात वाचून दाखवली आणि मला एकदम कारध्याचा फ्रीजर आठवला. मी मानेवरचा घाम पुसला. काकांना वाटलं अर्ज चांगला उतरला म्हणून मी गहिवरलो.

कारध्याला, नदीच्या पलीकडे, रस्त्याच्या कडेला मासे विकणाऱ्या बायांची एक रांग आहे. त्यांच्यातली सगळ्यांत मोठी जी बाई, ती मला राखी बांधते. साठीच्या पुढची आहे. तिला मी बाईच म्हणतो, आमच्याकडे मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. तिच्याकडे एक जुना डीप फ्रीजर आहे. दर चैतात तिचा फोन यायचा, “भाऊ, बरफ नाही होऊन राहिला,” आणि मी आकाशी टाकी गाडीला बांधून जायचो. अर्ध्या तासात गॅस भरायचो. ती मला मासोळी द्यायची, मी पैसे कधी घेतले नाहीत. आणि नुसती नाही द्यायची. साफ करून, मुंडकं काढून, तुकडे करून, काळ्या पिशवीत बांधून द्यायची. इतर गिऱ्हाइकांना अख्खा मासा तोलून मिळायचा, मला मात्र असा मान. मला त्याचं फार कौतुक होतं. चारचौघांत सांगायचो.

आता खरं सांगतो. त्या फ्रीजरच्या मागे, पाईप जिथे वळतो तिथल्या सांध्याला एक बारीक भोक होतं. गॅस गळतो तिथे थोडं तेलही येतं, त्याचा डाग पडतो. पहिल्याच वर्षी मी तो डाग पाहिला होता. भोक बुजवायचं तर फ्रीजर रिकामा करायचा, सगळा दिवस मोडायचा. ऐन लग्नसराई होती, माझ्या डोक्यावर वीस कामं होती. मी फडक्यानं डाग पुसला, गॅस भरला आणि निघालो. पुढच्या वर्षी सांगू म्हटलं. पुढच्या वर्षी सांगायचं तर मागच्या वर्षी का नाही सांगितलं, हे पण सांगावं लागलं असतं. तिसऱ्या वर्षी दोन वर्षांचं. असं करत करत अकरा चैत गेले, आणि दर चैताला मी वाकून तो डाग पुसत गेलो.

अर्ज रजिस्टर पोस्टानं दिल्लीला गेला. चौकात इतर मिस्त्रींनी माझी यथेच्छ हजामत केली. “गळती बंद केली तं दरसाली बोलवीन कोण तुले?” एक जण म्हणाला. मी म्हटलं, अरे, दिल्लीचं कार्यालय आहे, उत्तर थोडंच येणार आहे. या एका भरवशावर मी अर्ज केला होता, हे मला तेव्हा कळलं.

उत्तर आलं, तेही दीड महिन्यात. सरकारी हिंदीत, गोल शिक्क्यासह. आपली सूचना क्रमांक तीन विचारार्ह आहे, असं त्यात होतं. तिच्या पुष्टीसाठी आपल्या माहितीतलं एक प्रत्यक्ष उदाहरण, जिथे गळती दुरुस्त न करता वर्षानुवर्षं गॅस भरला गेला, ते यंत्र वापरणाऱ्याच्या सहीच्या निवेदनासह पाठवावं. आयुष्यात पहिल्यांदा सरकारनं मला काहीतरी लवकर विचारलं होतं, आणि ते नेमकं हेच विचारायचं होतं का?

आठ दिवस मी पत्र खिशात घेऊन फिरलो. दुसरी उदाहरणं होती. एक हॉटेल होतं, एक दवाखाना होता, पण तिथे सही मागायला गेलो असतो तर चहाही मिळाला नसता. बायकोला म्हटलं, तूच सही कर, आपल्याच फ्रीजचं उदाहरण देऊ.

“आपला फ्रीज गळत नाही,” ती म्हणाली. “त्याचा सांधा तुमी गळाले लागल्याबरोबर जोडला होता. मले आठवते.”

हे ऐकून मला जितकी लाज वाटली तितकी साहेबांच्या आकड्यानंही वाटली नव्हती. घरचा फ्रीज एका दिवसात नीट केला होता मी. बाईचा अकरा वर्षं नाही.

ती रागावली तर काय होईल ते मला माहीत होतं. कारध्याच्या रांगेत नऊ फ्रीजर आहेत आणि नऊही तिच्या शब्दावर माझ्याकडे येतात. ते गेले असते तर पोट मारावं लागलं असतं, पण तेही निभावलं असतं. राखीच्या दिवशी कारध्याला जायला तोंड राहिलं नसतं, ते निभावलं नसतं. मला सख्खी बहीण नाही. हे मी आजवर कोणाला बोलून दाखवलेलं नाही, इथे लिहितो.

एक दिवस सकाळीच निघालो. बायकोनं नेहमीप्रमाणे चिंच भिजत घातली. मी कारध्याला गेलो की मासोळी येणार आणि त्या मासोळीला मूठभर चिंच, वाटीभर लसूण लागणार, हे आमच्या घरी ठरलेलंच होतं.

बाई पाटावर बसून पावशीवर, म्हणजे विळीवर, कतला मासा कापत होती. मी समोरच्या टाकीवर बसलो. तीही माझीच, आकाशी.

“चैत तं नाही आला अजून,” ती म्हणाली. “कायले आला?”

“बाई, तुह्या फ्रीजरले भोक हाये.”

पावशीवरचा हात थांबला नाही. “कवापासून?”

“अकरा वरसं.”

“अन् तुले कवापासून मालूम हाये?”

“अकरा वरसं.”

मग मी सगळं सांगितलं. लग्नसराई, डाग, फडकं, गॅस, हवा, दिल्ली. दिल्लीचं पत्र काढून मांडीवर ठेवलं. ती मासा कापत राहिली. शेजारच्या बाया पाट सरकवून जवळ आल्या होत्या. मी बोलायचं थांबल्यावर तिनं पाण्यात हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्याकडे पाहिलं.

“झालं सांगून?”

“हो.”

“मले मालूम होतं.”

मला वाटलं ती असंच बोलून गेली. पण ती पुढे म्हणाली, “गॅस भरून झाला का तू मांगं वाकते अन् फडक्यानं पुसते. पहिल्याच साली पाह्यलं होतं म्या. मासे विकणारी बाई होय मी. कोण कायले पुसते, मले नाही समजत का?”

“मंग बोलली काहून नाही?”

“तू काहून नाही बोलला?” ती म्हणाली, “बोलली असती तं तू येणं बंद केलं असतं. दुसरा मिस्त्री आला असता. तोही पुसूनच गेला असता, अन् राखीले तं आला नसता.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मी तिथल्या वासावर ढकललं. तर ही बाई शांतपणे म्हणते, “म्हणून म्या आपला इलाज केला.”

“कोणता इलाज?”

“तुले देत होती ते मासोळी कवाची राहे, मालूम हाये का?”

शेजारची एक बाई पदर तोंडाला लावून हसायला लागली.

“कालची,” बाई म्हणाली. “कधी परवाची. विकून उरलेली. मुंडकं काहून काढून देत होती? कल्ले दिसले असते तुले.”

मासा ताजा की शिळा हे कल्ल्यांवरून कळतं. लाल असले तर ताजा, काळपट पडले तर शिळा. हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्यालाही माहीत असतं. मी अकरा वर्षं त्याला मान समजत होतो. आधी मला राग आला, खरंच आला. माझ्यासारख्या सज्जन माणसाला शिळे मासे? मग त्या सज्जन माणसाचं फडकं आठवलं आणि मी जो हसत सुटलो तो खोकला लागेपर्यंत. बाई हसली नाही. ती माझ्याकडे पाहत होती, माझं हसणं कधी संपतं याची वाट पाहत.

“लिव्ह आता,” ती म्हणाली. “मी सांगतो तसं लिव्ह. तुह्या मनचं नको घालजो.”

मी लिहिलं. तिनं सांगितलेलं असं होतं: ‘मिस्त्रीनं अकरा वरसं भोक लपवलं. म्या त्याले अकरा वरसं शिळे मासे देले. आजपासून दोघंही बंद करतो. सरकारनंही करावं.’ खाली तिनं चौथीपर्यंतच्या शाळेत शिकलेली सही केली. एक एक अक्षर कोरून, वेळ लावून. रांगेतल्या बाकी आठ जणींनीही केली. त्यांच्या फ्रीजरबद्दल मी तेव्हा काही बोललो नाही. एका दिवशी एकच पाप झेपतं. पुढच्या महिनाभरात त्या आठांच्याही मागे वाकून पाहिलं आणि पाचांना डाग निघाले.

काकांनी ते निवेदन टाइप करायला नकार दिला. यात ‘सबब’ नाही, ‘विनंती’ नाही, हे चालणार नाही म्हणाले. मी हातानं लिहिलेलंच पाठवून दिलं. दिल्लीहून अजून काही आलेलं नाही. दिल्लीच्या त्या टेबलावर शिळ्या माशांबद्दल हिंदीत काय टिपण लिहिलं असेल, याचा विचार करून मी अधूनमधून एकटाच हसतो.

पण ते नंतरचं. त्या दिवशी सही झाल्यावर बाई उठली आणि म्हणाली, “आता भोक बुजव. मी फ्रीजर खाली करतो.” मासे आठ फ्रीजरांत वाटून ठेवले गेले. यंत्रात जो गॅस उरला होता तो मी आजवर नुसता सोडून दिला असता. माझा हात सवयीनं तिकडे गेलाही. मग ट्रेनिंगमधली एक गोष्ट आठवली, श्रीखंड खाऊनही लक्षात राहिलेली. गाडीवर एक जाड, पुन्हा भरता येणारी टाकी होती. बाईनं घमेलंभर बर्फ दिला, टाकी त्यात बसवली, नळी जोडली. टाकी गार पडली की गॅस आपणहून तिच्यात येतो. सगळा नाही आला, पण बराचसा आला. सूं असा आवाज झाला नाही. तीस वर्षांत मी हवेत न सोडलेला तो पहिला गॅस.

मग सांधा तापवून जोडला, साबणाचा फेस लावला. बुडबुडा आला नाही. पुन्हा लावला. बाई माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होती. फडकं तिच्या हातात होतं, तिनं ते मला दिलं नाही.

निघताना तिनं पिशवी दिली, पांढरी. घरी येऊन बायकोच्या हातात ठेवली आणि पाय धुवायला गेलो. आतून तिचा आवाज आला.

“आज बाईकडून नाही आणली का मासोळी?”

“तिच्याकडचीच हाये.”

“हिले तं मुंडकं हाये.”

मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून सगळं सांगितलं. तिनं रोहूचा कल्ला अंगठ्यानं उचलून पाहिला. आत लालभडक होतं. “मले वाटे,” ती म्हणाली, “वैनगंगेच्या मासोळीले वासच येते, म्हणून तं मूठभर चिंच घालत होती.”

चिंच सकाळपासून भिजलेली होती. नेहमीसारखी तिनं सगळी घातली. जेवताना पहिल्या घासाला आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. रस्सा तोंडात घालवत नव्हता, इतका आंबट झाला होता.